भेरल्याच्या झरीतली तांदळी

“आजी, जरा बाजूला होता का? तुमची सावली पाण्यावर पडतेय.”

आजी! मला! मला तेव्हा अठ्ठावन्नावं लागलेलं, तोंडातले दात सगळे माझे, आणि मला बाजूला हो म्हणणारं माणूस भेरल्यावर अजून जन्माला यायचं होतं. ही पोरगी झरीत गुडघाभर पाण्यात उभी. पायात रबरी बूट, डोक्यावर पुरुषाची टोपी, हातात चहाच्या गाळणीसारखी गाळणी. नाव ऋतुजा. कोल्हापूरच्या कुठल्याशा कॉलेजात शिंपले आणि गोगलगायी यांवर शिकत होती. दोन दिवस आमच्या बेटावर येऊन राहिली होती, आणि राहिली कुठे, तर माझं चार खणांचं घर सोडून आनशीच्या खोपटात.

आनशी म्हणजे अनसूया, माझी धाकटी जाऊ. काठावर फतकल घालून बसली होती. पोरगी तिच्याकडे वळून म्हणते कशी, “मावशी, ते फणसाचं पान द्या ना इकडे.”

मावशी. आमच्या दोघींत अंतर नऊ वर्षांचं. बघा.

“ऊन तुझं असेल गो,” मी म्हटलं, “काठ आमचा आहे.” आणि हलले नाही.

भेरलं म्हणजे बंदरावरून मचव्याने दीड तास. अकरा घरं, सगळी आमच्याच गाबित मच्छीमारांच्या भावकीतली. एक देवीचं देऊळ, माडांची रांग, आणि मधोमध कातळात ही झरी. चार माणसांनी हात धरले तर कवेत मावेल एवढी. चारी बाजूंनी खारट समुद्र आणि मध्ये हे एवढंसं गोड पाणी. त्यात गोगलगायी असत, तांदळाच्या कणीहून बारीक. म्हणून आम्ही त्यांना तांदळी म्हणायचो.

झरीचे कायदे सरकारच्या कायद्याहून कडक. कळशीच्या तोंडाला फडकं बांधूनच पाणी भरायचं. भरून झालं की फडकं उलटं करून झरीतच खळबळवायचं, म्हणजे अडकलेल्या तांदळ्या आपल्या घरी परत. वर्षातून एकदा झरी घासायची, पण एका वर्षी डावी बाजू, दुसऱ्या वर्षी उजवी. आणि घासायच्या बाजूला आधी फणसाची पिकली पानं पसरायची. तांदळ्या पानांखाली चिकटल्या की पानं अलगद उचलून दुसऱ्या बाजूला न्यायची. जी बाई विडा खाते तिने आधी समुद्रावर जाऊन हात धुऊन यायचं, मगच कळशीला हात लावायचा. हे सगळं बघायला एक बाई नेमलेली, ती राखणीण. बावीस वर्षं राखणीण होती आनशी.

त्या बदल्यात तिला राहायला झरीजवळचं खोपट आणि प्रत्येक होडीतून मूठभर मासळी. तिचा नवरा, माझा दीर, मासेमारीला गेला तो परत आला नाही, मूलबाळ झालंच नव्हतं. झरी होती म्हणून आनशी भेरल्यावर होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिला सगळ्यांत जास्त.

पोरीने पान पालथं केलं, डोळ्याला भिंग लावलं आणि अशी ओरडली, जशी काय गळाला सुरमई लागली. “मावशी, हीच! हीच ती!”

मग तळहातावर एक ठिपका घेऊन माझ्यापाशी आली. “आजी, बघा. ही जगात दुसरीकडे कुठेही नाही.”

“जगात म्हणजे कुठपर्यंत?”

“जगात म्हणजे जगात.”

“गोव्याला असेल की.”

“नाही. गोवा पाहून झाला. कारवारपर्यंतचे झरे पाहिले, पुस्तकं पाहिली. एवढ्या या झरीतच आहे. दुसऱ्या पाण्यात नेली तर जगायची नाही.”

“मग इथे आली कशी? पोहून?”

“फार फार पूर्वी समुद्र खाली होता, तेव्हा बेट जमिनीला लागून होतं. पाणी चढलं आणि ही इथे अडकली.”

“म्हणजे आनशीसारखीच,” मी म्हटलं. “अडकली ती अडकली.”

आनशी हसली. खरंच हसली, खांदे हलवून. टोमणा मी मारला होता आणि हसत ती होती.

काठावर लाल रंगाच्या फुल्या मारलेल्या होत्या. पोरीने विचारलं काय ते. माझा थोरला मुलगा दिगंबर तेव्हा पंचायतीत होता. झरीवर पंप बसवून घरोघर नळ द्यायचं त्याने मनावर घेतलं होतं, त्याच्या त्या खुणा. पोरीचा चेहरा उतरला.

“पंप बसला तर या आठ दिवसांत संपतील,” ती म्हणाली. “थांबा. मी आमच्या सरांना घेऊन येते, ते सरकारी समितीवर आहेत. त्यांनी जिवंत तांदळी डोळ्यांनी पाहिली आणि तसा कागद केला, की या झरीला कोणी हात लावू शकत नाही. पण जिवंत दिसायला हवी. मेलेल्या शिंपल्यांवरून नाव देता येतं, झरी वाचवता येत नाही.”

“आणि राखण?” आनशीने विचारलं. आवाज एवढासा.

“राखण तर हवीच, मावशी. तुम्ही नाही राखणार तर कोण?”

आनशीने मांडीवरच्या फडक्याची घडी केली, मोडली, परत केली. तिला तेव्हा काय मिळालं ते मला दिसलं. मरेपर्यंत भेरलं मिळालं.

एवढ्यावर ती पोरगी थांबली असती तर! पण शिकलेल्यांना थांबायचं कुठे ते शिकवत नाहीत. “आणि ऐका,” म्हणाली, “नवा जीव सापडला की त्याला माणसाचं नाव देता येतं. जगभरच्या पुस्तकांत ते कायम राहतं. मावशी, मी हिला तुमचं नाव देणार.”

आनशीने पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडे एकदा पाहिलं, पोरीला दंडाला धरून खाली ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी कुजबुजली. पोरीने टोपी मागे सारली, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “खरंच?” म्हणाली. आनशीने मान हलवली. आणि दोघी हसल्या. पोरीने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

माझ्या अंगाला उभी खाजकुयली लागली.

*

“आये, काकीचा नाव पुस्तकात छापून येतला म्हणे,” दुपारी जेवताना दिगू म्हणाला.

“येवंदे. गोगलगायीक गोगलगायीचा नाव.”

सुना फिसकन हसल्या. दिगू हसला नाही. “सायबान कागद केल्यान तर पंप रवलो.”

“रवलो तर रवलो. इतकी वर्षां कळशेन पाणी भरलां, आता काय हात झडतले?”

“पंपाचा नाय गो. काकी मगे जल्मभर थंयच बसतली. बेटार येणारो माणूस पयलो तिच्याकडेच जातलो. तुका चलतला?”

पोर माझंच. दुखरी जागा बरोबर माहीत. मी त्याच्या पानात भात वाढला आणि म्हटलं, “जेव मुकाट्यान.”

त्या राखणीचं मूळ सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी भेरल्यावर सून होऊन आले ती सतराव्या वर्षी. माहेर किनाऱ्यावरचं, दारात बांधलेली विहीर. पहिल्याच सकाळी सासूने झरीवर नेलं, फडकं बांधायला शिकवलं, एकेक कायदा आणि त्याचं कारण सांगितलं. मी कळशी भरली, फडकं सोडलं, त्यावर वळवळणारं काय काय पाहिलं आणि शी म्हणून ते कातळावर झटकलं. सासू रागावली नाही. खाली बसली आणि बोट ओलं करून एकेक तांदळी टिपून पाण्यात सोडू लागली. किती वेळ! मी भरली कळशी कमरेवर घेऊन उभी. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

नऊ वर्षांनी आनशी आली. तिने पहिल्याच दिवशी फडकं असं हळू उलटं केलं, जसं बाळाचं अंगडं काढावं. सासूने मरताना राखणीचं फडकं तिच्या ओटीत घातलं.

थोरली मी. मासळीचा वाटा आधी माझ्या टोपलीत, देवीचा अंगारा आधी मला, मचव्यात पाऊल आधी माझं. माझे यजमान गेल्यावर तर अकरा घरांत माझ्या शब्दावाचून नारळ उतरत नसे. आनशीनेही रीत कधी मोडली नाही, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे थोरल्या जावेचं नाव धाकटीने घ्यायचं नसतं. बत्तीस वर्षांत तिच्या तोंडून ते निघालं नाही. वैनी, वैनी आणि वैनी. पण झरीवर पहिली ती. सासूचं तिथे ऐकावं लागलं तसं तिचं ऐकावं लागणार, म्हणून मी झरीवर जाणंच टाकलं. पाणी सुना भरायच्या. बावीस वर्षांनी गेले ती त्या पोरीला बघायला, आणि आजी होऊन परत आले.

*

सर शिमग्यानंतरच्या सोमवारी यायचे ठरले. देवळाला नुकतीच सफेदी झाली होती, भेरलं कसं नवऱ्या मुलासारखं दिसत होतं. शनिवारी मी आनशीला निरोप धाडला. आली, नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

“आनशे, सायब चाय कशात पितलो?”

“कशात म्हणजे, वैनी?”

“तुझ्या जर्मनच्या पेल्यात? शेरातलो माणूस तो. उद्या सकाळच्या मचव्यान बंदरार जा, कपबशे घेवन ये. निळ्या फुलांचे. रातीक भावाकडे रव आनी सोमवारी पाहुण्यांच्या वांगडा ये.”

“मी? उद्या?” ती गडबडली. “आनी झरी?”

“झरी काय पळान जातली? मी बघतंय.”

“तुमी बघतास?”

“कित्याक? माका हात नाय?”

मला वाटलं, आता नाही म्हणेल. पण तिचा चेहरा हळूहळू उजळला. बावीस वर्षं तिने ज्याची वाट बघितली ते आज मी आपण होऊन म्हटलं, असं काहीतरी तिला वाटलं असावं. तिने कमरेला खोचलेलं फडकं काढलं. मांजरपाटाचं, धुऊन धुऊन कांद्याच्या सालीसारखं झालेलं. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

“घासूचा कायएक नाय, वैनी. शेवाळ आसा तसां रवांदे. तेंका तांच होया.”

“माका शिकवतंस?”

“नाय, वैनी.”

रविवारी सकाळी मचवा दिसेनासा झाला तशी मी दोन्ही सुनांना घेऊन झरीवर गेले. काय ती अवकळा! सगळ्या काठाला हिरवं मखमली शेवाळ, तळाशी कुजकी पानं. उद्या शहरातला माणूस बघणार आणि घरी जाऊन सांगणार, त्या बेटावरच्या बायका डबक्यातलं पाणी पितात. “घासा,” मी म्हटलं.

धाकटी सून चाचरली. “आये, आदी पानां पसरूची काय?”

“पाहुणे उद्या येतले आनी तू पानां पसरीत बस. घास!”

काथ्याने घासघास घासलं. डावी बाजू, उजवी बाजू. तळातली पानं उपसून माडाच्या आळ्यात टाकली. दुपार झाली तशी सुनांना म्हटलं, जा, भात टाका. थोडं राहिलं होतं ते मी एकटीने केलं आणि घरी आले.

संध्याकाळपर्यंत पाणी असं नितळ झालं, की तळाचा खडा मोजून घ्यावा.

*

सोमवारी मचवा लागला. मी पुळणीवर उभी. आनशी कपबश्यांचं खोकं छातीशी धरून उतरली, लहान मूल आणल्यासारखी. मागे ती पोरगी आणि तिचे सर. वाळका, उन्हाने रापलेला, हात जोडून नमस्कार करणारा माणूस. आनशी वाटेत पोरीला सांगत होती, “यंदा पानांखाली लय हत. दावतंय तुका.”

झरीवर पोचलो. सर म्हणाले, “वा! काय स्वच्छ पाणी!”

मी पदर सावरला. पण पोरगी वा म्हणाली नाही. ती तशीच, बूट न घालता, पाण्यात उतरली. गाळणी फिरवली. दगड पालथे केले. काठावर पालथी पडून भिंगातून बघत राहिली. आनशी खोकं घेऊन तशीच उभी. मग तिने खोकं खाली ठेवलं, उकिडवी बसली, एक बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं.

ती थुंकली नाही. गिळलं. आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

तासाभराने पोरगी एक पांढरी ताटली घेऊन सरांपुढे आली. तळातून उपसलेले चमचाभर ठिपके. “सगळ्या रिकाम्या आहेत, सर. मावशी, सगळ्या रिकाम्या आहेत हो.” आणि ती ओल्या काठावर बसून रडायला लागली, एवढी शिकलेली मुलगी.

सरांनी पाण्यात एक कागदाची पट्टी बुडवली, तिचा रंग पाहिला. “पाण्यात काहीतरी टाकलं गेलंय,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “कोणी टाकलं?”

माझ्या सुना पायाच्या अंगठ्याने माती उकरत होत्या. दिगू समुद्राकडे बघत होता. आमच्यात थोरलीने आधी बोलायचं असतं. मी बोलले, साहेबाला नीट कळावं म्हणून शुद्ध बोलले.

“झरीची राखण हिच्याकडे आहे साहेब, बावीस वर्षं. आम्हाला यातलं काही कळत नाही. हिलाच विचारा.”

राखणीचं फडकं तेव्हा माझ्या कमरेला खोचलेलं होतं.

आनशीला ते दिसत होतं. सुनांना दिसत होतं, दिगूला दिसत होतं. साहेबाला काय, बाईच्या कमरेचं फडकं म्हणजे बाईच्या कमरेचं फडकं. आनशीने एक शब्द बोलायचा होता, की काल मी बेटावर नव्हते. पोरगीही तेच म्हणाली, “मावशी काल नव्हत्याच इथे, सर!” पण आनशी उठली, ओलं बोट लुगड्याला पुसलं आणि साहेबासारखंच शुद्ध बोलली.

“राखण माझी. चूक माझी.”

“मावशी, असं कसं? तुम्ही असं करणारच नाही!”

“माझीच गो,” ती म्हणाली. “कोणाच्या हाती सोडून गेले ते माझंच ना?”

साहेबाने वहीत लिहून घेतलं. मग आनशीने चूल पेटवली, निळ्या फुलांच्या कपांत चहा केला. एका बशीचा टवका मचव्यात उडाला होता, ती तिने स्वतःच्या कपाखाली घेतली. पहिला कप मला दिला. थोरली ना मी.

पोरगी तीन दिवस थांबली. कातळातली एकेक भेग तपासली, पावसाचं पाणी साचतं ते खळगे तपासले. चौथ्या दिवशी गेली, ती मला आजी म्हणायलाही आली नाही.

*

दिवाळीपूर्वी पंप बसला. नळ आले. कोणी आनशीला जा म्हटलं नाही, आम्ही तसली माणसं नव्हे. पण नळाला राखण लागत नाही. ज्या दिवशी पंप सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बोचकं घेऊन पुळणीवर आली. मी योगायोगाने तिथेच होते. योगायोगाने म्हणजे, सकाळपासून होते.

“येतंय, वैनी.”

“ये.”

मचव्यात पाय ठेवला आणि थांबली. “फडको तुमच्याकडेच रवलो.”

“परत देव काय?” मी कमरेला हात घातला.

“नको. आता गाळूक काय आसा?”

भावाकडे चार वर्षं काढली तिने. भावजय बरी नव्हती, असं ऐकलं. पाचव्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेली. मला निरोप आला होता. वारा होता, मचवा निघाला नसता.

निघाला असता.

भेरल्याची झरीही टिकली नाही. पंपाने ओढ ओढ ओढलं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी मचूळ झालं, मग खारट. हे पंपामुळे झालं, गोगलगायींमुळे नव्हे. दुसरीपर्यंतच शिकले असले तरी तेवढी अक्कल मला आहे. अकरा घरं एकेक करून बंदरावर आली. मीही दिगूच्या दोन खोल्यांत आले. इथे दुसऱ्या मजल्यावर, नळाला फडकं बांधते. सून हसते. हसू दे.

भावकीत म्हणतात, थोरलीने पोराच्या पंपापायी केलं. म्हणू दे. पोरासाठी केलं असतं तर चारचौघांत मान वर करून सांगितलं असतं मी. आणि पाहुण्यांपुढे झरी स्वच्छ दिसावी म्हणून केलं असतं, तर घासण्यावर थांबले असते. त्या दुपारी सुना भात टाकायला गेल्यावर मी देवळामागे गेले. सफेदीतला उरलेला चुना तिथे डब्यात होता, आमच्याच पुळणीवरचे शिंपले भाजून केलेला. डबा जड होता, दोनदा टेकवावा लागला. विडा खाणाऱ्या बाईने हात का धुऊन यायचे, ते सासूने मला पहिल्याच सकाळी सांगितलं होतं. बोटाला लागलेला चुना पाण्यात गेला तरी तांदळी दार लावून घेते आणि परत उघडत नाही. मी डबाभर ओतला, माडाच्या पिढ्याने, झावळीच्या जाड देठाने, ढवळला, आणि वरून पाणी नितळेपर्यंत बसून राहिले. तिच्या नावाचा जीव जगात नको होता मला. एवढंच.

*

गेल्या महिन्यात पाकीट आलं. वर लिहिलेलं, ‘भेरल्याच्या थोरल्या आजींना’. खाली दिगूचं नाव आणि बंदराचा पत्ता. नात सानिका, दिगूची, कॉलेजात जाते, तिने फोडलं. आत इंग्रजीत छापलेली पातळशी पुस्तिका आणि मराठीत एक पत्र.

“वाच,” मी म्हटलं.

तिने वाचलं. “आजी, नमस्कार. मी ऋतुजा. आठवत असेन की नाही ठाऊक नाही. चौदा वर्षं मी किनाऱ्यावरचे आणि बेटांवरचे झरे शोधले. तांदळी दुसरीकडे कुठेच सापडली नाही. आता ती उरली नाही असं धरून, पहिल्या खेपेला नेलेल्या रिकाम्या शिंपल्यांवरून तिची माहिती छापली आहे. आनशीमावशींना नेऊन दाखवणार होते, त्या गेल्याचं फार उशिरा कळलं. त्या दिवशी मी त्यांचं नाव देते म्हटल्यावर त्यांनी माझ्या कानात सांगितलं होतं, आमच्यात थोरलीच्या आधी धाकटीचं नाव लागत नाही. माझं नको, थोरलीचं दे. आणि तिला आत्ता सांगू नको हां, छापून आल्यावर कळू दे, बघ कशी फुगते ती. म्हणून तेव्हा आम्ही हसलो होतो. तुम्हाला राग आला असेल तर माफ करा. तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही, ते मी रेशनच्या यादीत शोधलं. त्यांचा शब्द मी पाळला आहे.”

सानिकाने पुस्तिका उघडली. पानभर एक शिंपला, माझ्या मुठीएवढा मोठा करून छापलेला. कणीएवढा असताना त्याच्यावर इतक्या बारीक रेषा आहेत हे मला कधी दिसलंच नव्हतं. त्याच्याखाली तिरक्या अक्षरांत दोन शब्द.

“पहिला शब्द नाही जमत,” ती म्हणाली. “दुसरा... द्वा... द्वारकाए. द्वारका! आजी, हे तर तुझं नाव!”

यजमान गेल्यापासून ते नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. रेशनकार्डावर होतं तेवढंच. ऐकताना दुसऱ्याच कुणा बाईचं वाटलं.

“आजी, तू जगभर फेमस झालीस! थांब, मी स्टेटसला ठेवते.”

“ठेव.”

ती पुढचं वाचायला लागली, ओठ हलवत, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “इथे लिहिलंय ती संपली. आजी, जगात एवढ्याच होत्या ना त्या? मग मेल्या कशाने?”

“चुन्याने.”

“पाण्यात चुना? कोणी टाकला?”

मी चष्मा काढला. कमरेचं फडकं सोडून त्याच्या काचा पुसल्या, एक, मग दुसरी.

“खाली नाव छापलंय ना,” मी म्हटलं. “वाच परत.”